नऊ नंबरचा आवाज

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे, संगणक कक्षात बसणाऱ्या बाईंना सगळे तिजोरीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि बाईंना ते आवडे. का नाही आवडणार? अठरा वर्षांत त्यांच्या हातून एक फाइल हरवली नव्हती. कुणी काही चुकून पुसलं, कुणाच्या संगणकाने मान टाकली, की मंडळी तोंड पाडून खाली येत. बाई आधी हातातला चहा संपवत, मग दोन शब्द सुनावत, आणि मग बॅकअपमधून ती फाइल जशीच्या तशी काढून देत. सुनावण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

त्यामुळे सोमवारी सकाळी वाचा-उपचार विभागाची डिस्क बसली, तेव्हा त्या विभागाच्या नव्या बाई धापा टाकत खाली आल्या तरी तिजोरीबाईंच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. त्या डिस्कवर माणसांचे आवाज होते. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांना शस्त्रक्रियेच्या आधी एका बंद खोलीत बसवून चाळीस वाक्यं वाचायला लावत आणि ती टिपून ठेवत. जखम भरली की त्या टिपलेल्या आवाजावरून तळहाताएवढं एक यंत्र तयार होई. माणसाने त्यावर टाइप करायचं, आणि यंत्राने ते त्याच माणसाच्या आवाजात बोलायचं. असे चारशे बारा आवाज त्या डिस्कवर होते. त्यातल्या एका शिंप्याला येत्या शुक्रवारी यंत्र मिळायचं होतं. आठ महिने तो माणूस मुका होता.

"दुपारपर्यंत देते," तिजोरीबाई म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी डिस्क कुरकुरायला लागली की तेव्हाच सांगत जा, ती गेल्यावर नको."

दुपारी त्यांनी परत आणलेलं फोल्डर उघडलं. चारशे बारा फाइलींच्या जागी सत्तावन्न होत्या. आणि त्या सत्तावन्नांपैकी एकीलाही नाव नव्हतं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं होती. कुठे पाच, एक मोकळी जागा, मग सात. कुठे चार, मोकळी जागा, मग सहा. पडदाभर नुसती प्रश्नचिन्हं.

काय झालं असावं हे बाईंना कळायला दहा मिनिटं लागली, आणि पटायला तासभर. बॅकअपचं काम दोन ठिकाणी चालतं. फाइलींचा ऐवज एका कोठारात जातो, तिथे प्रत्येकीला नुसता एक नंबर. कुठल्या नंबराचं नाव काय, हे डेटाबेस नावाच्या वेगळ्या नोंदवहीत असतं. दोन वर्षांपूर्वी ही नोंदवही बाईंनी जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवली होती. अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची, असा एक प्रश्न तेव्हा पडद्यावर आला होता. उत्तर आधीच निवडलेलं होतं, ते बाईंनी तसंच राहू दिलं. ती पद्धत फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारी होती. आपल्या लिपीतलं अक्षर दिसलं की त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह मांडून ती मोकळी होई. काना-मात्रेलासुद्धा एकेक वेगळं. मग ज्या दोन माणसांच्या नावांत तेवढीच अक्षरं, त्यांची नावं एकच झाली. फाइली परत आणताना प्रोग्रॅमने एकीवर दुसरी लिहिली, दुसरीवर तिसरी, आणि शेवटची तेवढी वर उरली.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. पहिल्याच दिवशी मिळाला होता: काही नावांतली अक्षरं बदलली गेली आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्याखालच्या चौकोनात खूण केली: हा इशारा पुन्हा दाखवू नये. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला त्या बॅकअपमधून एक फाइल परत काढून बघत, ती नीट उघडली की तपासणी यशस्वी असं लिहून सही करत. फाइल दर महिन्याला तीच असे, त्यांनी स्वतः बनवलेली. तिचं नाव इंग्रजीत होतं. चोवीस सह्या, आणि चोवीसही खऱ्या.

बाकीच्या विभागांना काही झळ लागली नाही, कारण ते पेशंटचा नंबर टाकत. नावं लिहिण्याचा हट्ट एकट्या वाचा-उपचार विभागाचा, म्हणजे तिथल्या आधीच्या बाईंचा. त्या तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. ज्याचा आवाज जाणार आहे त्याचं निदान नाव तरी राहू द्या, असं त्या म्हणत. त्यांची आणखी एक शिस्त होती. खोलीत बसलेला माणूस आधी आपलं नाव सांगे आणि मग वाक्यं वाची. यंत्र बनवायला नावाचा उपयोग नसतो आणि फाइलीवर ते आहेच, म्हणून त्या सुरुवातीचं नाव कापून टाकत. काम अगदी सुबक.

एवढं मात्र नशीब की कोठारातला ऐवज शाबूत होता. बाईंनी नोंदवही बाजूला ठेवून नंबरांवरून फाइली बाहेर काढायला सुरुवात केली, आणि संध्याकाळच्या आत चारशे बाराच्या चारशे बारा आवाज समोर मांडले. पण कुणाचा कुठला? चारशे बारा माणसं तीच ती चाळीस वाक्यं वाचत होती. पिवळा डबा वरच्या फळीवर आहे. उद्या दुकान उशिरा उघडेल. मला वाटतं, त्यांना बोलावून घ्यावं. तारखांचाही आधार नव्हता, कारण चार महिन्यांपूर्वी सगळ्या फाइली एकाच दिवशी नव्या डिस्कवर हलवल्या होत्या. शिंप्याच्या नावाची अक्षरं बाईंनी बोटांवर मोजली. तेवढीच प्रश्नचिन्हं असलेल्या फाइली तेवीस निघाल्या. नऊ बायका वगळल्या. राहिले चौदा पुरुष.

संगणक कक्षाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांना यात काही अवघड दिसेना. बोलवा नवराबायकोला आणि ऐकवा, ते म्हणाले. स्वतःचा आवाज माणसाला कळणार नाही होय? बाईंनी मान डोलावली. वर पाठवायच्या अहवालात त्यांनी त्या दिवशी "डिस्क बिघाड" एवढे दोन शब्द लिहिले आणि फाइल बंद केली. इशाऱ्याचं आणि चोवीस सह्यांचं काय करायचं ते नंतर बघू, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्याचं काही हरवलं की तासभर व्याख्यान देणाऱ्या बाई स्वतःच्या बाबतीत दोन शब्दांत आटोपल्या.

मंगळवारी अकराला दोघं आली. शिंपी साठी ओलांडलेला, सडसडीत, गळ्याला मऊ कापडाचा रुमाल, खिशात वही आणि पेन्सिल. बायको बुटकी, चटपटीत. आल्या आल्या ती बोलू लागली, दोघांच्या वाटचं बोलायची तिला आता सवय झाली होती. दुकानात हे पुढे मशीनवर बसतात आणि ती आत काज-बटणं करते, मध्ये कपाटं, म्हणून पूर्वी हे तिथूनच हाका मारत. आता टेबलावर कात्री आपटतात. "कात्री आपटली की मी उठून जाते. सांगा आता, कात्रीला काय ओ द्यायची?" असं म्हणून ती हसली. शिंपीही हसला, आवाजाविना.

काहीतरी तांत्रिक घोळ आहे, चौदांतला तुमचा ओळखायचा आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. नव्या बाईंनी एक नंबर लावला. शिंपी कान देऊन ऐकत होता, पण दुसऱ्या आवाजालाच त्याची तारांबळ उडालेली तिजोरीबाईंना दिसली. माणूस आपला आवाज जन्मभर आतून ऐकतो; बाहेरून तो कसा वाजतो हे त्याला कुठे ठाऊक असतं? साहेबांचं साधं गणित तिथेच चुकलं. दोन नंबरला त्याने खांदे उडवले, तीनलाही उडवले.

चार नंबर एका थकलेल्या, घोगऱ्या माणसाचा होता. वाचता वाचता तो थांबला, खोकला, पाणी प्यायल्याचा आवाज आला, "माफ करा" म्हणाला आणि पुढे वाचू लागला. असं तीनदा झालं. शिंप्याचा हात गळ्याच्या रुमालावर गेला.

"कुणीतरी म्हातारे गृहस्थ दिसतात," बायको हळहळली. "किती त्रास होतोय बिचाऱ्यांना."

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. पेन्सिल उचलली, वहीवर टेकवली, आणि परत ठेवली. तिजोरीबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

नऊ नंबर लागला. खणखणीत, जरासा मिस्कील आवाज. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, एखादी गंमत सांगायची राहिली आहे असा. उद्या दुकान उशिरा उघडेल, असं तो म्हणाला, आणि शिंप्याच्या बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"हेच," ती म्हणाली. "थांबवू नका हो. राहू द्या."

चाळीसही वाक्यं तिने ऐकली. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. रडत नव्हती, डोळे मिटून बसली होती आणि ओठ आवाजाबरोबर हलत होते. शिंपी त्या आवाजाकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता. बराच वेळ बघितल्यावर त्याने वहीत लिहिलं: हो. नऊ. उरलेले पाच कुणी लावलेच नाहीत. नव्या बाईंना पदराने डोळे पुसावे लागले आणि साहेब म्हणाले, चला, सुटलो.

तिजोरीबाईंचाही जीव भांड्यात पडायला हवा होता. पडेना. घरी जाताना, भाजी निवडताना, मुलाच्या वह्यांना कव्हरं घालताना त्यांना ती टेकवून परत ठेवलेली पेन्सिल दिसत राहिली. बुधवारी सकाळी त्यांनी निवृत्त बाईंना फोन लावला आणि शिंप्याचं नाव सांगून सहज विचारल्यासारखं विचारलं, आठवतात का.

"न आठवायला काय झालं?" पलीकडून बाई म्हणाल्या. "तीनदा थांबले होते. दर वेळी पाणी प्यायचे आणि माझी माफी मागायचे. मी म्हटलं, अहो, माफी कसली मागता. आवाज अगदी बसला होता हो तेव्हा. आणखी आधी यायला हवं होतं त्यांनी."

तिजोरीबाईंनी फोन ठेवला. सगळं सरळ होतं. बायकोच्या कानात तीस वर्षांच्या संसारातला धडधाकट नवरा होता. आजारातला तो घोगरा आवाज तिने घरात वर्षभर ऐकला असेल, पण तो काही तिने मनात जपून ठेवला नव्हता. जपला होता आधीचा. आणि नऊ नंबरवाला कुणी परका माणूस नेमका तसा बोलत होता. नवऱ्याने चार नंबरलाच ओळखलं होतं, आवाजावरून नाही, तीन खोकल्यांवरून. ओळखून तो गप्प राहिला. बायको त्याला म्हातारे गृहस्थ म्हणाली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. काकू खूश आहेत, काका खूश आहेत, त्यांनी स्वतः लिहून दिलंय, ते म्हणाले. तुम्ही एकट्याच कशाला कण्हताय? साहेब म्हणत होते तेच बाईंच्याही मनात होतं. नऊ नंबर दिला की प्रकरण मिटलं. कुणी विचारणार नाही, नोंदवही कुणी उघडणार नाही, आणि तिजोरीबाई तिजोरीबाईच राहतील. त्या मोहाची त्यांना इतकी लाज वाटली की त्या तशाच उठून वर गेल्या आणि पेशंटच्या भेटी टिपलेल्या विभागाच्या जुन्या वहीतून तेवढ्याच अक्षरांची चौदा पुरुषांची नावं त्यांनी उतरवून आणली. तिघांपुढे मृत्यूची तारीख होती. अकरा जिवंत होते. नऊ नंबर त्या चौदांतल्या कुणाचा तरी होता, आणि बहुधा तोही कुठल्यातरी घरात टेबलावर काहीतरी आपटून बायकोला बोलावत असेल. आज त्याचा आवाज शिंप्याला दिला, तर तो आल्यावर त्याला कुणाचा द्यायचा? आणि ज्याचा त्याला दिला, त्याला कुणाचा?

त्यांनी नव्या बाईंना दोन्ही आवाज तयार ठेवायला सांगितले, चार आणि नऊ. मग कॉम्प्युटरवर जाऊन "डिस्क बिघाड" खोडलं आणि दीड पान लिहिलं. इशारा, चौकोनातली खूण, इंग्रजी नावाची फाइल, चोवीस सह्या. साहेबांना न विचारता ते वर पाठवून दिलं. मोठं शौर्य केल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं.

शुक्रवारी शिंपी नवा शर्ट घालून आला होता. बायकोने केस नीट विंचरून अंबाडा घातला होता. टेबलावर यंत्र ठेवलेलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत खुर्चीच्या कडेवर बसली. तिजोरीबाईंनी बसून घेतलं. उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"काकू," त्या म्हणाल्या, "नऊ नंबरचा आवाज काकांचा नाही. चार नंबरचा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. नावं कशी गेली, कुणामुळे गेली, तेही. बायको ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मध्येच तिने नवऱ्याकडे मान वळवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

शिंप्याने मान खाली घातली. तेवढं पुरे होतं. बायकोने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झालेली होती.

"तो यांना ओळखतो का?" तिने विचारलं. "नऊ नंबरवाला. त्याला कुठे कळणार आहे? आमचं दुकान एवढंसं. मी कुणाला ऐकवणारसुद्धा नाही."

नव्या बाई खिडकीकडे बघत होत्या. शेवटी शिंप्यानेच वही ओढून घेतली आणि सावकाश लिहिलं. लिहून पान बायकोपुढे सरकवलं. तिजोरीबाईंना ते उलट्या बाजूने वाचता आलं. तो माणूस न्यायला येईल. त्याचा त्याला देऊ.

बायकोने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग तिजोरीबाईंकडे वळली. तिला राग आला असता, ती ओरडली असती, तर बाईंना सोसलं असतं. सुनावणाऱ्याला सुनावून घेणंही जमतं. पण ती अगदी घरगुती आवाजात बोलली, मुलीला समजावावं तशी.

"तुमच्याकडे नाव असतं आणि मंगळवारी यांचाच एवढा ऐकवला असतात ना, बाई, तर मी तो आनंदाने घेऊन गेले असते. खोकल्यासकट. आता मी तो दुसरा ऐकलाय."

"हो," तिजोरीबाई म्हणाल्या. ऐवज शाबूत आहे, असं त्या आठवडाभर स्वतःला बजावत होत्या. जे गेलं ते कुठल्याच कोठारात नव्हतं, आणि ते काढून देणं कुणाच्या हातात नव्हतं. "चूक माझी आहे, काकू."

"असेल," ती म्हणाली. "लावा यांचा."

नव्या बाईंनी चार नंबरचा आवाज यंत्रात घातला आणि ते कसं वापरायचं ते दाखवलं. खोकले काढून टाकलेले होते. नुसता घोगरा, दमलेला, सभ्य आवाज उरला होता. शिंप्याने एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करायला घेतलं. त्याला वेळ लागला. तोवर बायको पिशवी आवरू लागली, औषधांची चिठ्ठी घडी घालून आत ठेवली, छत्री घेतली, आणि पाठमोरी होऊन पिशवीची चेन लावायला लागली.

"चल," यंत्र म्हणालं. "घरी जाऊ."

कोण आलं ते बघायला तिने दाराकडे पाहिलं.